घरच्यांसाठी लाखेचं पॉलिश

आमचे घरमालक नरसिंहराव यांच्या पँटच्या उजव्या खिशात किल्ल्या असतात, सुटी नाणी असतात आणि लाकडाच्या बोटाएवढ्या कांड्या असतात. प्रत्येक कांडीला वेगळं पॉलिश. एकीला मेण, एकीला जवसाचं तेल, एकीला लाख, एकीला सुपरग्लूचे थर. भाजी आणताना, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या किल्ल्यांशी भांडत असतात. मनात आलं की काका त्या बाहेर काढतात आणि कोण टिकलं, कोण हरलं ते बघतात. पुण्याहून येऊन मी बेंगळुरूच्या येलहंक्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला लागले, तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा सटकलेला आहे. तसे ते आहेतच, पण या बाबतीत नाही.

काका लेथवर लाकडाची पेनं कातून बनवतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडीच्या शेडमध्ये लेथ बसवलं, तेव्हापासून बिचारी गाडी बाहेर उन्हात उभी असते. व्हाइटफील्डच्या सोसायट्यांत प्रदर्शनं लागतात, तिथे ही पेनं हातोहात जातात. विकायच्या पेनाला काका सुपरग्लूच लावतात. फिरत्या लाकडावर पातळ थर द्यायचा, वाळला की दुसरा, मग तिसरा, शेवटी ओल्या पॉलिश पेपरने घासायचं. त्या वाफेने डोळ्यांना धारा लागतात, घसा खवखवतो. पण असं पेन घामाला, शाईला, सांडलेल्या कॉफीला दाद देत नाही. "लाख बघायला राजा," काका म्हणतात. "कपडा धरला की लगेच चकाकी. पण हातात रोज घेतलं की घामाने रडायला लागतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

हे मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते काकांनी न कळून केलेलं नाही.

काकांची थोरली बहीण सोयराबाई त्यांच्याकडेच राहते. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्यांचे यजमान वासुदेवराव शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर अक्का भावाकडे आल्या, त्या मास्तरांचा रेघा आखायचा गोल रूळ बरोबर घेऊनच. फिकट, दुधाळ लाकडाचा. एका टोकाकडून त्याला वाळवी लागलेली. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तो काकांपुढे धरला.

"नरसू, चांगलंय तेवढ्याचं पेन करून दे. रोज रामनाम लिहिते, ते ह्यांच्या लाकडाने लिहीन."

चांगलं लाकूड होतं एका पेनापुरतं. काकांनी ते कातलंही सुरेख. पण प्रदर्शन तोंडावर आलेलं, सुपरग्लूने डोळे लाल झालेले, आणि पुन्हा ती बाटली उघडायची म्हणजे अंगावर काटा. लाखेचा डबा हाताशी होता. रामनामाला रसायन कशाला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि कपडा धरला. पेन असं चमकलं की अक्कांनी ते आधी देवापुढे ठेवलं.

काही दिवसांनी त्या शेडच्या दारात आल्या. मी तिथेच होते, काकांकडून विकत घेतलेलं माझं सुपरग्लूचं पेन न्यायला गेले होते.

"नरसू, हे बोटाला स्वल्प चिकटतंय रे."

काकांनी लेथवरून मान वर केली नाही. "तुझ्या हाताला घाम फार, अक्का. त्याला मी काय करणार?"

"सरी, बरं," म्हणून अक्का आत गेल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बहीण-भाऊ बोलतात तसं बोलणं. मी माझं पेन घेऊन वर आले.

त्यानंतर अक्का लिहायला बसण्याआधी बोटांना पावडर लावायला लागल्या. पेनाला रुमाल गुंडाळायला लागल्या. आणखी एक गोष्ट बदलली. अक्का रोज संध्याकाळी मोगऱ्याच्या सुट्ट्या कळ्या आणून गजरे गुंफायच्या आणि गल्लीभर वाटायच्या. मलाही मिळायचा. ते बंद झालं. विचारलं तर म्हणाल्या, "आता नको वाटतं ग." मी म्हटलं, वय झालं, बोटं दुखत असतील.

मग खंडेनवमी आली. बेंगळुरूत या दिवशी रस्त्यावरच्या ऑटोपासून ऑफिसातल्या लिफ्टपर्यंत सगळ्यांना हार मिळतो. काकांच्या लेथला केळीचे खांब लागले, पुढे कोहळा फोडला. माझा लॅपटॉप खाली आणवला गेला. लेथपाशी पाटावर अक्कांचं पेन ठेवलं आणि शेजारी माझं. अक्कांनी ओल्या हळदीकुंकवाची बोटं सगळ्यांवर ओढली.

दसऱ्याला सकाळी अक्का पाट आवरायला बसल्या. माझं पेन पुसलं, ते लखलखीत निघालं. स्वतःचं पुसलं. पॉलिश पांढुरकं पडलेलं, बोटांची जागा काळवंडलेली आणि हळदकुंकू पार लाकडात मुरलेलं. अक्कांनी पदराने घासलं, पुन्हा घासलं. मग माझा हात हातात घेऊन तळवा बघितला.

"कोरडा आहे तुझा हात. चांगला हात आहे, मुग्धा."

काका मागे आंब्याची पानं घेऊन उभे होते. ती त्यांनी तशीच खाली ठेवली आणि बाहेर गेले. दसरा असून घरात श्रीखंडाला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्कांकडून पेन मागून घेतलं. मी शेडमध्ये डोकावले तर ते लाकूड जपून जपून घासत होते. आत पितळी नळी, वर लाकडाचं नुसतं साल. जास्त घासलं तर मास्तरांचा रूळ धूळ होऊन जायचा. पिवळट छटा राहिली ती राहिलीच. त्यावर त्यांनी सुपरग्लू चढवायला घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते.

"अक्का तक्रार करणार नाही, हे मला ठाऊक होतं," ते एकदम म्हणाले. "व्हाइटफील्डची माणसं पेन परत आणतील म्हणून त्यांना टिकाऊ. आणि हिला लाख. वर तिच्याच हाताला नावं ठेवली."

मला त्यांची दया आली, आणि दया आली की मी नको ते सल्ले देते. म्हटलं, "काका, आता चांगलं झालंय. देऊन टाका. कशाला उकरून काढता?"

"पेन बरं होईल ग. ती पावडर लावायची थांबेल का?"

संध्याकाळी अक्का ओसरीवर वाती वळत होत्या. काकांनी पेन त्यांच्यापुढे ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. हलकं पॉलिश लावलं, माहीत असून लावलं, आणि वर खोटं बोललो. "तुझ्या हातात काही दोष नव्हता, अक्का. घाम सगळ्यांनाच येतो. शिव्या दे मला."

मी त्या शिव्यांचीच वाट बघत होते. अक्कांनी पेनाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाती बाजूला ठेवून त्या आपले तळहात बघत बसल्या, उलटे करून, सुलटे करून.

"म्हणजे माझा हात वाईट नाही?"

"नाही ग," काका कसेबसे म्हणाले.

अक्का हसल्या. खेळायला जा म्हटल्यावर लहान मुलीचं होतं तसं त्यांचं तोंड झालं. "मुग्धा, कोपऱ्यावर फुलवाली असेल बघ. मोगऱ्याच्या सुट्ट्या कळ्या आण. गुंफलेल्या नकोत. माझ्या हाताने करपतात असं वाटायचं ग मला, म्हणून हात लावत नव्हते."

मी चपला घातल्या. काका मान खाली घालून पायरीवर बसले होते. कळ्या घेऊन मी परत आले, तरी त्यांची मान खालीच होती.