पोकळ केलेला शाफ्ट

कडूबा सुतार रोज फुलंब्रीहून बसनं शहरात यायचा. उस्मानपुऱ्यात त्याचं दहा बाय दहाचं दुकान, त्यात एक लेथ. पलंगाचे पाय, लाटणी कातता कातता तो टेबलावर गोळ्या भोकात घालायच्या पूल ह्या खेळाच्या काठ्या दुरुस्त करायला लागला आणि पंधरा वर्षांत शहरातले झाडून सगळे खेळाडू त्याच्याकडं येऊ लागले. स्वतः तो एक डावही खेळला नाही, पण कुठली काठी कशी वागेल ते त्याला हातात घेताच कळायचं.

सर्जेराव त्याचा जुना दोस्त. वाळूजच्या एका कारखान्यात फिटर, वय बावन्न. वीस वर्षं एकाच काठीनं खेळला. जिल्ह्यात त्याला तोड नव्हती, जिल्ह्याबाहेर मात्र कधी जिंकला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं काठी आणून लेथवर ठेवली.

"कडूबा, डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. उजव्यातबी सुरू झालाय. गेलेली नजर परत येत नाय म्हणे."

कडूबानं काठी उचलून हातात तोलली.

"पुण्याची निवड स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीये. ही शेवटची. ह्या काठीचा शाफ्ट आतून पोकळ कर."

शाफ्ट म्हणजे काठीचा पुढचा निमुळता भाग. पांढऱ्या गोळीला फिरकी द्यायला उजव्या अंगाला मारलं, की ती नेमाच्या रेषेत न जाता किंचित डावीकडं सरकते. शाफ्टचं टोक जितकं जड, तितकी ती जास्त फेकली जाते. टोक आतून चार-पाच इंच पोखरून हलकं केलं, की ही फेक कमी होते. नव्या खेळाडूंना असे शाफ्ट कडूबानं करून दिले होते.

"नवा करून देतो. ह्याला हात नको लावायला."

"नवा माझ्या हातात बसत नाय. फेकीचा हिशेब आता डोळ्याला जमत नाय. ह्याच्यातच कर."

"आरं, तुझा हात ह्या फेकीवर बसलाय. फेक धरूनच तू नेम जरा बाजूला घेतोस, तुला कळतबी नाय. फेक गेली की तोच नेम चुकंल. सहा महिने तरी लागतील सवय मोडायला."

"सहा महिने कुणाकडं हायेत?"

कडूबानं नाही म्हणायला हवं होतं. पण त्याला दोस्ताची कीव आली, आणि खरं सांगायचं तर मोहही झाला. इतकं जुनं, सरळ रेषेचं लाकूड पुन्हा हाताखाली येणार नव्हतं. त्यानं टोकाची टोपी काढली आणि ड्रिल लावलं.

काम सुरेख झालं. गोळी पूर्वीच्या निम्मीही सरकेना. पण सर्जेराव फिरकीचा प्रत्येक फटका चुकवू लागला. "होईल," म्हणत तो रोज संध्याकाळी तेच फटके घोटत राहिला.

पुण्याला कडूबाही सोबत गेला. पहिल्याच सामन्यात बरोबरी झाली आणि शेवटच्या डावात फक्त काळी गोळी उरली; ती घालेल तो जिंकणार होता. फटका उजव्या फिरकीचा होता. सर्जेरावनं वीस वर्षांच्या सवयीनं नेम जरा उजवीकडं घेतला. पांढरी गोळी नेम धरला तशीच गेली आणि काळी भोकाच्या काठावर आपटून बाहेर आली. पुढच्या फटक्यात समोरच्यानं ती घातली.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. वाळूज आल्यावर सर्जेराव उठला.

"डोळ्यानं दगा दिला असता तर मी सोसलं असतं. तुला ठाऊक होतं, तरी तू भोक पाडलंस."

"तूच म्हणलास..."

"व्हय. मी आंधळा होणार म्हणून घाबरलो होतो. तू कशाला घाबरला होतास?"

तो उतरून गेला.

कडूबानं त्याच मापाचे, त्याच वजनाचे चार भरीव शाफ्ट कातले. तीन जुन्यासारखे वागेनात म्हणून स्वतःच मोडून टाकले. चौथा घेऊन तो सर्जेरावच्या घरी गेला. दार सुलेखावहिनींनी उघडलं.

"भाऊजी, त्यांनी खेळणं सोडलंय. कंपनीनं मशीनवरून काढून गेटवर बसवलंय. आता उजव्या डोळ्यालाबी कडंचं दिसत नाय."

"एवढा शाफ्ट त्याच्या हातात देता का?"

त्या आत गेल्या. मग त्या तो शाफ्ट तसाच घेऊन बाहेर आल्या.

"ते भिंतीकडं तोंड करून पडलेत," त्या हळूच म्हणाल्या. "पुन्हा नका येऊ, भाऊजी."