खिचडीचा डाव

"ए बाई, वाढ पटकन! ऐकू येत नाही का?" तपासणीला आलेला साहेब शाळेच्या व्हरांड्यात ओरडत होता.

खिचडीवाल्या मावशींचा डाव मात्र हवेतच. चौक गावाजवळच्या आमच्या शाळेत त्यांचा नियम पहिलीच्या पोरांनाही पाठ आहे. "मावशी, वाढा" म्हटल्याशिवाय शीत मिळत नाही आणि जेवल्यावर आपलं ताट आपण धुवायचं. मुख्याध्यापकांनाही सूट नाही. मी वर्षभर वर्गात शिष्टाचार शिकवतो, पण पोरं नमतात ती त्या डावापुढे. एकदा तर माकडालाही हात जोडल्यावरच शेंगदाणा मिळाला, शपथेवर सांगतो.

मावशी पोरांकडे वळल्या. "सायबाला सांगा रं, कसं मागायचं!"

"मावशी, वाढा!" पत्रे असे थरथरले की तिकडे मोहोपाड्यात कंपनीचा भोंगा झाला समजून माणसं डबे घेऊन घरी निघाली.

साहेब लालबुंद झाला. शेवटी पुटपुटला, "मावशी, वाढा." तेव्हा कुठे डाव खाली आला.

साहेबाची गाडी गेल्यावर मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, "मावशी, त्यानं वर लिहून पाठवलं तर तुमचं काम जाईल हो!"

"जाऊ दे. सर, तुमचं ताट धुवायचं ऱ्हायलंय."