पाण्याखाली जायला मुलाची परवानगी

आज मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नांदेडच्या एका ट्रॅव्हल एजंटानं, मला न विचारता, माझं नाव स्कूबा डायव्हिंगच्या यादीतून काढलं.

मैत्रिणींनो, मी पुढच्या महिन्यात इंडोनेशियाला जाणार आहे. तीन विमानं, मग बोट, मग एक लहानसं बेट. निवृत्तीनंतर पोहायला शिकले, डॉक्टरांचा दाखलाही जोडला आहे.

"काकू, तुमच्या मुलाला फोन केलता. ते नको म्हणून राहिलेत," एजंट म्हणाला. "लेडीज असल्या की आम्ही घरच्यांना विचारूनच करतो. तुम्ही काचेच्या बोटीत बसा, मासे वरूनच दिसतेत."

"वरून मासे मला इतवाऱ्याच्या बाजारातही दिसतात," मी म्हणाले.

कॉन्व्हेंट शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सिस्टरनी आम्हाला निळ्या समुद्रातल्या प्रवाळांचं रंगीत चित्र दाखवलं होतं. पुढे लातूरला नोकरी करताना, उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिले की मी मनानं त्या निळ्या पाण्यात उतरायचे. नंबर येईपर्यंत तिथेच असायचे. घरात हे कुणालाच कधी सांगितलं नाही.

दुपारी मुलाला फोन केला. "आई, तुला काही झालं तर?" तो खरंच घाबरला होता.

"आणि ते प्रवाळ न पाहताच मी गेले तर?" मी विचारलं.

एजंटसाहेब, अर्धं नांदेड तुमचं गिऱ्हाईक आहे, तेव्हा ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत माझं नाव पुन्हा यादीत घेतल्याचं लेखी कळवा. पत्र माझ्या नावानं हवं, मुलाच्या नाही.