तीन मोजून वळायचं

समजा, तुम्ही पाण्यावर उभे आहात. दोन्ही पाय एकाच स्कीवर, एकामागे एक. हातात दोराची दांडी, दोराच्या पुढच्या टोकाला बोट, आणि बोट ताशी एकोणपन्नास किलोमीटरने पळतेय. समोर दोन बोये तरंगताहेत, त्यांच्यामध्ये जेमतेम एका दारापुरती फट. ते गेट. तुम्ही बोटीच्या डावीकडे लांब सरकून थांबला आहात. आता आडवं झेपावून त्या फटीतून जायचं, मग पुढचे सहा बोये एक उजवीकडून, एक डावीकडून असे वळसे घालत पार करायचे. जरा लवकर वळलात, तर गेट येण्याआधीच मधली रेघ ओलांडाल आणि बाहेरून जाल. जरा उशीर केलात, तर पहिलाच बोया हातचा जाईल. तर सांगा, वळणार कधी?

ताईचं उत्तर ठरलेलं होतं. गेटच्या पंचावन्न मीटर आधी बोयांची आणखी एक जोडी असते. बोट त्या जोडीतून गेली की मनात तीन मोजायचे आणि वळायचं.

क्लबातले बाकीचे हसायचे. "अगं, डोळे दिलेत ना देवाने? गेटकडे बघ आणि वळ. मोजतेस काय?"

पण ताईचं आयुष्यच मोजण्यात गेलेलं. गेली बावीस वर्षं ती दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यामागच्या खोलीत खिडकीला लागून तिचं टेबल. त्यावर पाण्याचा मग, रबराची वाटी आणि ओळीने मांडलेले अनोळखी लोकांचे जबडे. प्लास्टर कालवताना ती घड्याळाकडे बघत नाही. तोंडाने भाजीवाल्याला नावं ठेवता ठेवता मनात तीस मोजते, आणि तिसाव्याला हात थांबतो. एकदा डॉक्टरांनी गुपचूप घड्याळ लावून पाहिलं होतं. अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता.

म्हणूनच ओळीने पाच रविवार गेट चुकलं, तेव्हा ताईला स्वतःचा संशय आलाच नाही. संशय आला तो बोट चालवणाऱ्याचा. म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाचा.

क्लबची बोट जुनी. वेग आपोआप धरून ठेवणारं यंत्र तिच्यात नाही, सगळा कारभार चालवणाऱ्याच्या हातात. दर वेळी ताई लवकरच वळतेय, असं दिसत होतं. आपली मोजणी बरोबर असेल, तर याचा अर्थ एकच: बोटच मागे राहतेय.

बोटीत दोरावर लक्ष ठेवायला मागे तोंड करून एक जण बसतो. ते काम गणिताच्या निवृत्त बाईंचं. ताईने त्यांना बाजूला घेतलं. "बाई, एक काम करा. पहिल्या जोडीपासून गेटपर्यंत बोटीला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. त्याला कळू देऊ नका."

"भावावर पाळत ठेवायची?"

"भावावर नाही हो. वेगाच्या काट्यावर."

चार सेकंद यायला हवे होते. बाईंनी तीन फेऱ्या मोजल्या, तिन्हींत चार पूर्णांक तीन आले. मग कागदावर भागाकार करून दाखवला: ताशी सेहेचाळीस.

ताई तडक शेडमध्ये गेली. भाऊ जॅकेटं खुंट्यांना लावत होता.

"वेग का मारतोस रे माझा?"

"कोण मारतंय?" त्याने लावलेलं जॅकेट काढून पुन्हा सरळ लावलं. लहानपणापासूनची खोड. खोटं बोलला की आवराआवर सुरू. दप्तर आवरायला बसला, की आई समजून जायची.

"सेहेचाळीसने ओढतोस. बाईंनी मोजलंय."

त्याने खुंटीवरचा हात काढला. मग म्हणाला, "मागच्या वर्षी तुझा खांदा निखळला, तेव्हा पाण्यातून कोणी काढलं तुला? तू नुसती ओरडत होतीस. ऐकायला मी होतो."

"खांदा माझा आहे ना?"

"आणि कान माझे!"

शेडच्या भिंतीवर एक फळा आहे. एकोणपन्नासच्या वेगाने गेट आणि सहाही बोये ज्याने पार केले, त्याचं नाव त्यावर रंगवतात. ताईला त्या फळ्यावर जायचं होतं. पुढचा रविवार हंगामातला शेवटचा. नंतर तलावाचं पाणी सोडणार, बोये उचलणार.

"शेवटची एक फेरी. एकोणपन्नास. शपथ घे."

"घेतली," तो म्हणाला. कुठल्या आवाजात, ते तिला आजही ठरवता येत नाही.

त्या रविवारी पाणी काचेसारखं होतं. ताई डावीकडे सरकली. बोट पहिल्या जोडीतून गेली आणि ताईने मोजायला सुरुवातच केली नाही. ज्याच्या वेगावर भरवसा नाही, त्याच्या मागे मोजून काय फायदा? आयुष्यात पहिल्यांदा तिने नुसतं बघितलं. दोन बोये, मधली फट, फट जवळ येतेय, आता! ती झेपावली. डावा बोया स्कीला घासतो की काय, इतक्या जवळून गेट पार झालं. मग एक, दोन, तीन. चौथ्याला खांदा कुरकुरला. पाच. सहा. पलीकडच्या गेटातून बाहेर पडली आणि दांडी सोडून पाण्यात बसली.

बोट वळून आली. बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

"बाई, किती? इकडच्या गेटपासून तिकडच्या गेटपर्यंत किती सेकंद?" खऱ्या एकोणपन्नासला एकोणीस लागतात, सेहेचाळीसला वीसच्या वर.

बाईंचे हात खाली आले. "अगं, घड्याळ दाबायचंच राहिलं गं. तू गेटातून आलीस आणि मी ओरडतच सुटले."

"एकोणपन्नास," भाऊ म्हणाला. "काटा हललासुद्धा नाही." आणि त्याने दोर गुंडाळायला घेतला.

शेवटचा दिवस होता. दोर तसाही गुंडाळायचाच होता.

भावाने फळ्यापुढे रंगाचा डबा उघडला, तेव्हा ताईने झाकण पुन्हा लावलं. "राहू दे."

"मी खोटं बोलतोय का ताई?"

"ते मला कुठे माहीत आहे?"

आता बोये शेडमध्ये जाळीत पडलेत. ताई खिडकीशी प्लास्टर कालवते, मनात मोजते. एकोणिसावर आली की हात क्षणभर अडखळतो. समोरचे जबडे उघडे, पण बोलत कोणीच नाही. जेवायला भाऊ आला की ती त्याला वाढते, पाणी देते, आणि तो ताट उचलून ओटा पुसायला लागला की तिच्याच्याने राहवत नाही.

"खरं सांग रे, काटा कुठे होता?"