केराबाईचा डावा पाय

केराबाई पायाळू होती. डोक्याऐवजी पायांनी जगात आलेलं माणूस पायाळू, आणि अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आमच्या सीनाकाठच्या मुलखात लहानथोरांना ठाऊक होतं. ओझं उचलताना कुणाच्या पाठीत चमक भरली की तो वाकडा होऊन केराबाईच्या अंगणात येई आणि पालथा पडे. ती पदर खोचून यायची, डावा पाय त्याच्या कंबरेवर टेकवायची, हलकीशी लाथ घालायची आणि म्हणायची, "ऊठ आता. हुबा ऱ्हा."

एरवी कुणाला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो. तिचा पाय लागावा म्हणून सोलापुरातून गिरणीचे हमाल चालत येत. आमचे पाटीलही येत. ते पालथे पडले की ती म्हणे, "पाटील, वरीसभर तुमी आमाला वाकवता. आज आमची पाळी हाय." पाटील मातीत तोंड खुपसून हसत. घर धनगराचं, साधं. पण त्या पायामुळे तिच्या दाराला मान होता.

एकतीस-बत्तीस सालची गोष्ट. कातरणीआधी मेंढरं नदीवर धुवायला नेली होती. भिजलेल्या लोकरीची मेंढी दगडासारखी जड होते. गुडघाभर पाण्यात उभ्या केराबाईनं एक मेंढी कवेत धरली आणि काठावरच्या नवऱ्याकडे, मायाप्पाकडे, द्यायला ती कंबरेतून वळली. पाठीत कट्कन वाजलं. मेंढी सुटली आणि केराबाई पाण्यातच बसली.

आधी तिला वाटलं, उसण आहे, जाईल. पण कळ पाठीत थांबली नाही. कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून उतरत ती डाव्या टाचेत जाऊन बसली. खोकलं तरी पायभर वीज खेळे. मग अंगठा बधिर झाला. पंजा उचलेना, चालताना मातीत रेघ ओढत येई. तिला भीती वाटली ती या पंजाची. पाठ सगळ्यांचीच दुखते. तो पाय गेला असता, तर तिच्या दारात कोण आलं असतं?

शेजारची अंबूबाई म्हणाली, "केरे, गावाला पोचती तुझी लाथ, तुला तेवढी पोचत न्हाय की ग." केराबाईला हसू आलं, आणि हसताना कळ टाचेपर्यंत गेली.

मायाप्पा लोकर विकायला सोलापूरला गेला, तेव्हा बाजारात त्याला कळलं की दुधनीला चंद्रव्वा नावाची म्हातारी पायाळू आहे. तो तिला घेऊनच आला. सोलापूरपर्यंत आगगाडी आणि पुढं त्याची बैलगाडी. पायाळूच पायाळूला लाथ घालणार म्हणून अर्धं गाव दारात जमलं.

चंद्रव्वानं आधी पाणी मागितलं. मग विचारलं, "कळ कुटवर जाती, यव्वा?"

"टाचंपतूर."

"मुतायला अडतंय?"

"न्हाय."

"बरं. अडलं असतं तर गाडी तशीच सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याकडं वळवाया लावली असती." तिनं पाय काही उचलला नाही. "गुडघ्याखाली उतरलेल्या कळीवर मी लाथ घालत न्हाय. ही उसण न्हवं. एकाला घातली हुती, त्येचं दुखनं वाढलं."

केराबाईचं तोंड उतरलं. "इतक्या लांबनं आलीस, आन् लाथ घालत न्हाईस? लोक बसल्यात भाइर."

"लोकांस्नी लाथ पायजे. तुला काय पायजे?"

केराबाईनं डाव्या पंजाकडं पाहिलं. मग म्हणाली, "माजा पाय."

"मग पड पालथी."

चंद्रव्वानं तिच्या कंबरेवर पाऊल ठेवलं, सुकलेलं पान पडावं तसं, आणि काढून घेतलं. दारातल्या लोकांचं समाधान झालं, ते उठून गेले. मग म्हातारी तिच्या उशाशी बसली. पालथं पडायचं. सोसलं तर कोपरांवर छाती उचलायची. कळ टाचेकडे पळाली तर लगेच थांबायचं. वाकायचं नाही, पिळायचं नाही, फार वेळ बसायचं नाही. थोडं थोडं चालायचं.

"कळ उतरली त्याच वाटंनं वर चढती बग," ती म्हणाली. "टाच सोडंल, मग पोटरी, मग मांडी. शेवटाला कंबर लई दुखंल. तवा भिऊ नको."

मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती सरकून शिरेला दाबते आणि पुष्कळांची हळूहळू आपणहून ओसरते, असं डॉक्टर आता सांगतात. आमच्याकडे तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. चंद्रव्वानं कळीची वाट मात्र अनेकांच्या पाठींवर पाहून ठेवली होती.

ज्वारी पोटरीला आली, कणसं भरली. एका सकाळी केराबाईला कंबर हलवता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मायाप्पानं रागानं बैल जुंपले. "त्या म्हातारीनं वाटोळं केलं तुजं. चल दवाखान्यात."

"अवं, जरा थांबा," ती म्हणाली. तिनं टाच दाबून पाहिली, मग पोटरी. "हितं काय न्हाय. हितंबी न्हाय. समदी कंबरंत आली." आणि ती रडत रडतच हसू लागली. "बैल सोडा."

पुढं ती मेंढरांमागं जाऊ लागली. मेंढरू चार पावलं चालतं, चरतं, पुन्हा चालतं. तिच्या पाठीला ती चाल मानवली. कोकरू उचलायचं तर ती उकिडवी बसून छातीशी धरी, मग उठे. पंजा उचलू लागला. अंगठा आणि चवडा मात्र बधिर राहिले ते राहिलेच.

लोक पुन्हा येऊ लागले. पालथ्या पडलेल्या माणसाला ती आता आधी विचारायची, "कळ कुटवर जाती?" पाठीतच असली तर पहिल्यासारखी लाथ. गुडघ्याखाली गेलेली असली तर नुसतं पाऊल टेकवायची, आणि मग त्याच्या उशाशी बसून हळू आवाजात बोलत राहायची.

आणखी एक गोष्ट तिला विचारावी लागे. चवड्याखाली माणसाची पाठ आली की नाही, ते तिला स्वतःला कळत नसे.

"पाटील, लागला का पाय?"

"लागला की," पाटील मातीतून म्हणत.

मग ती पाय काढून घेई.