सरकलेली हद्द

शाळेकडून जनगणनेच्या कामाला मी दुसऱ्यांदा याच गल्लीत आले. शहर वाढलं, तशा हद्दी नव्याने आखल्या गेल्या. घरं जागच्या जागी होती, पण माझी हद्द आता गल्लीच्या मधोमध संपत होती. पलीकडच्या चौकटीवर मागच्या खेपेला मीच गेरूने घातलेला घरक्रमांक अजून पुसट दिसत होता.

त्याच दारात काकू उभ्या होत्या. "या बाई. तेव्हा आम्ही तिघं होतो. आता मी एकटीच."

"काकू, तुमचं घर दुसऱ्या गटात गेलंय. दुसरे गुरुजी येतील."

"येतील, एक लिहून जातील. इथे तिघं होतो, हे त्यांना कोण सांगणार?"

आम्ही आपापल्या गटाचा हाताने काढतो त्या नकाशात हद्दीपलीकडचा कागद कोरा ठेवायचा असतो. तिथे मी पेन्सिलीने तीन ठिपके दिले आहेत. उद्या नकाशा जमा करायचा आहे. खोडरबर हातात घेऊन मी मघापासून नुसतीच बसले आहे.