मामांचं एक ढेप जड इंजिन

देवानं सूर्य-चंद्र फिरते केले ते आपल्या मामांचा सल्ला घेऊनच, अशी लहानपणी माझी खात्री होती. गिरणी असो, शिलाईचं मशीन असो, नाहीतर मामलेदारांची मोटार, मामा प्रथम तिचा एखादा भाग काढून खिशात टाकत आणि म्हणत, "ह्यो नसला तरी चालतंय बघ." बहुतेक वेळा चालायचंही. एरवी ते मालकाला दोष देत.

लढाईत मामा ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर विमानं दुरुस्त करीत. तीन वर्षं साहेबलोकांची विमानं त्यांनी उडती ठेवली, पण त्यांना एकदाही कुणी आत बसवलं नाही. हे सांगतानाच तेवढा त्यांचा आवाज खाली येई. त्यामुळे लढाई संपल्यावर सांगलीकडच्या एका हौशी गृहस्थानं आपलं छोटं, दोन जागांचं जुनं विमान विकायला काढलंय असं कळताच मामा तिथं हजर! विमानाचं अंग शाबूत होतं, इंजिन मात्र कामातून गेलेलं. आणि तसलं दुसरं कुठं मिळेना. "नसंना का! जीपचं घालू," मामा म्हणाले. मालक महिनाभर थांबायला कबूल झाला. मामांनी मोडकं इंजिन नमुन्याला गाडीत घालून साताऱ्याकडे आमच्या गावी आणलं आणि लष्करी लिलावातून जीपचं इंजिन मिळवलं. मग दोन्ही गुळाच्या काट्यावर चढवून समोर ढेपा रचल्या. जीपचं एक ढेप जड भरलं. "म्हंजी मी एक ढेप कमी व्हायचं," असं जाहीर करून मामांनी त्या दिवसापासून भाकरी अर्धी केली. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं, ढेप कमी झाल्यावर तुमी उरताय का?"

पुढं इंजिनाचा दम बघायला मामांनी ते पट्ट्यानं गुऱ्हाळाच्या चरकाला जोडलं, आणि तिथंच चुकलं. चरक असा काही पळाला की गाव बघायला लोटला. शेजारच्या आण्णांच्या गुऱ्हाळाचं इंजिन बंद पडलं होतं आणि ऊस तोडून पडला होता. "तात्या, दोनच दिस द्या," ते मामांना म्हणाले. मामांनी दिलं. आण्णांचं होतंय तोवर तिसऱ्याचा ऊस दारात. महिना संपत आला तशी मी मुदतीची आठवण करून दिली. "ठाव हाय रं," मामा म्हणाले, "पर तोडल्याला ऊस वाळतोय की!"

मुदत टळली आणि विमान पुण्याच्या एका गृहस्थानं घेतलं. त्याला अस्सल इंजिनही कुठूनसं मिळालं. नमुन्याचं इंजिन परत करायला आम्ही गेलो, त्याच दिवशी तो विमान घेऊन निघाला होता. विमान सुरू करायला पुढचा पंखा हातानं फिरवून द्यायला माणूस हवा होता. कुणी विचारायच्या आत मामांनी बाह्या सरसावल्या. एका हिसक्यात इंजिन लागलं. विमान कृष्णेवरून वळलं, बारीक झालं, दिसेनासं झालं, तरी धुळीनं माखलेले मामा कपाळावर हात धरून उभेच.

"पयल्याच हिसक्याला लागलं, बघिटलंस न्हवं?"

मी हो म्हटलं. मला रडू येत होतं. विमानातली मागची जागा रिकामी गेली होती, ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं.